सातच्या आत घरात, चारच्या आत फडात

‘सातच्या आत घरात’ हा नियम आपल्या आईने काढला असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांनी २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ काढून कलम ६६ वाचावं. सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात कामाला ठेवायचं नाही. राज्य सरकारला वेळ थोडी मागेपुढे करता येईल, पण रात्री दहा ते पहाटे पाच काही झालं तरी नाही. आई निदान मैत्रिणीच्या हळदीला अकरापर्यंत सूट द्यायची. याच कायद्यात चालू यंत्राला तेल घालायलाही बाईला मनाई होती, आणि त्या कलमात तिच्या शेजारी बसवलं होतं कोणाला, तर अल्पवयीन पोरांना. मिसरूड न फुटलेला पोरगा दोन-चार वर्षांत त्या कलमातून बाहेर पडायचा. बाई निवृत्त होईपर्यंत तिथेच.

हे सगळं अर्थात काळजीपोटी. आपल्याकडे बाईच्या वाटेत जे जे आडवं येतं ते काळजीपोटीच येतं. दुष्टपणाने तिला कोणी अडवत नाही, एवढी आपली संस्कृती थोर आहे. बापाला काळजी असते, नवऱ्याला असते, मॅनेजरला असते, सोसायटीच्या वॉचमनलाही असते. फक्त या काळजीला एक खोड आहे. तिला पगाराचा वास लागतो. जिथे प्रॉव्हिडंट फंड आहे, पगारी रजा आहे, महिन्याच्या महिन्याला खात्यावर पैसे पडतात, तिथे ती बरोबर दारात येऊन उभी राहते. जिथे यातलं काहीच नाही, तिथे बाईने रात्री दोनला काय उचललं आणि कुठे नेलं, याची विचारपूस करायला काळजी फिरकतसुद्धा नाही.

दोनला ती उसाची मोळी उचलत असते.

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल आधीच घेतलेली असते, लाखाच्या घरातली, आणि ती नवऱ्याच्या हातावर टेकवलेली असते. बायकोने ना सही केलेली, ना अंगठा दिलेला, ना नोटा मोजलेल्या. फेडायला मात्र ती बरोबरीची भागीदार. पहाटे तीनला उठून कोपीपुढे चूल पेटवायची, भाकरी थापून फडक्यात बांधायच्या आणि चारला फडात. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते आणि कलत्या फळीवरून चढून वर टाकते. गाडी कधी येणार ते तिच्या हातात नाही. रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला. मग पुन्हा चूल.

हा ऊस ज्या कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, तिथे गळीत हंगामाचा शुभारंभ चेअरमनसाहेब सपत्नीक मोळी टाकून करतात. सपत्नीक मोळी टाकणारे महाराष्ट्रात लाखो आहेत, पण फोटो त्यांचाच छापून येतो. कारखान्याच्या कुंपणाच्या आत कलम ६६ लागू होतं, म्हणून तिथे पाळीवर बाई क्वचितच दिसायची. कुंपणाच्या बाहेर कारखान्याच्या लेखी कामगारच नाहीत, ती मुकादमाची माणसं. त्यामुळे साखर ही वस्तू तयार होताना बाईचं रक्षण नेमकं त्या ठिकाणी सुरू होतं, जिथे तिचा संबंध संपतो.

एक दिवस पडून राहिली तर खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, आणि कोयता जोडीचा असल्यामुळे नवऱ्याचाही दिवस बुडतो. पाळी असो, ताप असो, गर्भपात असो, खाड्याच्या वहीत रकाना एकच. मग शहाणीसुरती माणसं आणि तालुक्याच्या गावातला दवाखाना मिळून उपाय सांगतात, गर्भाशयाची पिशवी काढून टाक. फार बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बाईला कामावर टिकवून धरण्यासाठी एवढी तजवीज दुसऱ्या कुठल्या उद्योगाने केल्याचं मला तरी ठाऊक नाही. आयटी कंपन्या नुसता योगासनांचा वर्ग ठेवतात.

दरम्यान कायदाही सुधारला, नाही असं नाही. महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांनी अटी घालून रात्रपाळीची दारं उघडली, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर लिहिलंय की बाईची संमती असेल तर सातनंतरही तिला कामावर ठेवता येईल. बाईची संमती! सासूची, दिराची, गावाकडच्या चुलत्यांची नव्हे. हे कलम लिहिणाऱ्याचं लग्न व्हायचं असावं.

आता आनंदाची बातमी. देशात बाया मोठ्या संख्येने कामाला लागल्या आहेत. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाल्या. सहा वर्षांत एवढी उडी म्हणजे पेढे वाटण्याचीच गोष्ट, आणि वाटलेही गेले. पण पेढा खाताना कागदाची मागची बाजू वाचायची मला वाईट सवय आहे. काम करणाऱ्या बायकांपैकी महिन्याच्या पगारावर असलेल्या २०१७-१८ मध्ये शंभरात २१ होत्या. २०२३-२४ मध्ये त्या १६ वर आल्या. मग वाढल्या कोण? घरच्या शेतात, घरच्या दुकानात, घरच्या गोठ्यात राबणाऱ्या. त्यातल्या ज्यांना छदाम मिळत नाही अशा ‘मदतनीस’ शंभरात जवळजवळ ३७. म्हणजे गोठ्यातलं शेण काढणारी आपली वहिनी परवापर्यंत घरी बसलेली होती, आता ती राष्ट्रीय श्रमशक्तीत आहे. शेण तेच, म्हैस तीच, पैसे तेवढेच. प्रश्न विचारणाऱ्याने नीट विचारलं, एवढाच काय तो फरक, आणि त्याबद्दल त्याचं कौतुकच करायला हवं. अभिनंदन मात्र म्हशीचं करावं लागेल.

तर काम करायला बाईला कोणी अडवत नाही. अडचण येते ती फक्त पगाराशी.

शंका असेल तर लाडक्या बहिणीची गोष्ट काढून बघा. जुलै २०२४ पासूनचे महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यात यायला लागले, आणि गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच ओरड सुरू झाली: आता खुरपायला बाया मिळत नाहीत, सरकारने सवय लावून ठेवली, कापूस वेचायला कोण येणार? योजनेवर टीका करायला जागा भरपूर आहे. तिजोरीचा हिशेब, निवडणुकीचा मुहूर्त, सगळं बोला. पण हा हिशेब आधी करा. १५०० भागिले ३० म्हणजे दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांत जर एखादी बाई तुमचं बोलावणं नाकारू शकत असेल, तर आजवर तिला काय देत होतात हो? शेतात गड्याला एक मजुरी आणि बाईला त्याहून शे-दोनशे कमी, हे आपल्याकडे इतकं सरावाचं झालंय की १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला हे ऐकून टपरीवाला दुसरा चहा फुकट पाजेल. वाकून वाकून कमरेचे तीन तुकडे होईपर्यंत खुरपणं हे म्हणे हलकं काम. पाळीत उभं राहून दारं धरणं, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडणं, हे पुरुषाचं अवजड.

शहरात असलं काही नसतं. शहर सुधारलेलं आहे.

माझी भाची इंजिनीअर. एका कंपनीत मुलाखतीला गेली. सर्किटचे प्रश्न झाले, कोड लिहून झाला, सगळे माना डोलावून झाले. मग पॅनेलवरच्या बाईंनी मायेने विचारलं, “मग आता पुढे काय प्लॅन?” भाची उत्साहाने सांगायला लागली की तिला ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये काम करायचंय. “तसं नाही गं,” बाई म्हणाल्या, “पर्सनल.” भाचीने सांगितलं, तूर्त काही नाही. “घरचे लोक?” घरचे लोकही तूर्त गप्प आहेत. “चाकणपर्यंत येणं-जाणं जमेल?” बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या वर्गमित्राला आत गेल्यावर काय विचारलं, हे तिने नंतर त्याच्याकडून काढून घेतलं. त्याचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. त्याच्याकडे पेढे मागितले.

१९७४ ची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पुण्याच्या टेल्कोला इंजिनीअर हवे होते, आणि जाहिरातीत लिहिलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने ते वाचून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, तिला मुलाखतीला बोलावलं गेलं, नोकरी लागली. या गोष्टीवर दर महिला दिनाला भाषणं होतात. पण त्या जाहिरातीचा मोठेपणा कोणी सांगत नाही. ती वाचता येत होती! आज प्रत्येक जाहिरातीखाली समान संधीची ग्वाही ठळक टायपात असते. पोस्टकार्ड टाकायचं तरी कशाबद्दल?

जून २०२४ मध्ये रॉयटर्सने चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्याची बातमी दिली. भरती करणारे एजंट विवाहित बायकांना दारातूनच परत पाठवतात, अशी. भेदभाव करत नाही, असं कंपनीने सांगितलं. पण भरतीच्या साखळीतल्या लोकांनी जी कारणं दिली ती काळजीने ओथंबलेली होती. बाळंतपणं होतात, घरच्या जबाबदाऱ्या असतात, आणि शिवाय त्या दागिने घालतात, जोडवी आणि गळ्यातलं. धातूचा कामाला अडथळा होतो. मुलीचं लग्न वेळेत झालं पाहिजे म्हणून बाप झोपत नाही, आणि ते झालं की तिच्या गळ्यात जे पडतं त्यामुळे तिला कारखान्याचं दार बंद. सौभाग्य म्हणतात ते हेच. पुरुषांच्या मनगटावरची कडी आणि गळ्यातले गोफ बहुधा प्लास्टिकचे असावेत, त्यांच्याबद्दल बातमीत काही नव्हतं.

मालकांना शिव्या देणं सोपं आहे, आणि मी ते आवडीने करतो. पण मालक राक्षस नसतो, त्याला फक्त वजाबाकी येते. २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. जगातल्या पुढारलेल्या देशांनाही खाली मान घालायला लावेल असा कायदा. फक्त जिथे कामगार विमा लागू नाही तिथे या रजेचं सगळं बिल मालकाच्या नावावर फाडलं. टाळ्या सरकारला, बिल मालकाला. समोर दोन उमेदवार बसलेत, मार्क सारखे, पोरगा आणि पोरगी. पोरीच्या नावापुढे सव्वीस आठवड्यांचा पगार पेन्सिलीने लिहिलेला आहे. पोराच्या नावापुढे काही नाही, कारण खासगी नोकरीतल्या बापाला एक दिवसही रजा द्या असं कुठल्याही कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. बारसं, पाहुणे आणि मित्रांना पार्टी एवढ्यात बसतं. पाळणाघराचं म्हणाल तर पन्नास हा आकडा आल्यापासून एकोणपन्नास हा आकडा किती जणांना प्रिय झाला, हे हजेरीपटच जाणोत.

याची पूर्वसूचना मिळाली नव्हती असं समजू नका. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मातृत्व लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले होते. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मुख्य भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही; बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे तर त्यानेही दिलंच पाहिजे. १९२९ ला कायदा झाला, आणि भार पडला एकट्या मालकावर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे येतात, त्यांनी सांगितलेला हिशेब सव्वीस आठवडे करतानाही कोणी उघडून पाहिला नाही.

तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग खाती तर बायकांचीच. पुढच्या काही दशकांत ही संख्या गळत गेली. एकटा बाळंतपणाचा कायदा याला कारण नव्हता. नवी यंत्रं आली, रात्रपाळ्या आल्या आणि त्यात बाईला बंदी आली, पगार हा कुटुंबकर्त्या पुरुषाचा असतो हे युनियनलाही पटत गेलं. १९८२ चा संप झाला तोवर गिरणीचा भोंगा म्हणजे पुरुषांना हाक, हे इतकं पक्कं झालं होतं की बाई तिथे कधी होती याची आठवणही कोणाला राहिली नाही. पण बाई गेली कुठे? कुठे जाणार! कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार जेवत कुठे होते? गिरणगावातल्या खोलीतच एखादी बाई दहा-पंधरा जणांची खाणावळ चालवत होती. पाळीप्रमाणे डबे, पहिल्या पाळीचा वेगळा, रात्रपाळीचा वेगळा. सातनंतर काम करायला तिला कुठल्या कलमाने अडवलं नाही. ती कामगार नव्हती, युनियनची सभासद नव्हती, तिला बोनस नव्हता, आणि वाण्याची उधारी व्याजाने चढत होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, तेव्हा कुठे बँकेला कळलं की गिरणगावात असाही एक धंदा चालतो.

आता घरात येऊ, कारण शेवटी सगळे प्रश्न घरातच सोडवले जातात, म्हणजे पदराखाली झाकले जातात. सरकारने २०१९ मध्ये लोक दिवसाच्या चोवीस तासांचं काय करतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ९७ ऐकून छाती फुगवू नका, हे फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचं आहे, आणि तसे शंभरात २६ निघाले. उरलेले ७४ जण त्या दिवशी ताट उचलून मोरीत ठेवण्याइतकेही हलले नाहीत. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. पाच वर्षांत मध्ये महासाथ येऊन गेली, घरोघरी मिक्सर-गॅस-वॉशिंग मशीन आलं, समतेवर परिसंवाद झाले. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. दहा मिनिटांची सुटका. पुरुषांची ९७ वरून ८८ वर. आम्हीही लगेच नऊ मिनिटं कमी करून घेतली. खांद्याला खांदा म्हणतात तो हा.

ही २८९ मिनिटं बसवायची कुठे, याचं उत्तर संध्याकाळच्या विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात मिळतं. अंधेरी गेलं की पिशव्या उघडतात. कोणी गवार मोडायला घेतं, कोणी मटार सोलतं, मेथीच्या जुडीच्या काड्या वर्तमानपत्रावर पडतात, लसूण सोलणारीच्या शेजारची तोंड फिरवून बसते. उभी असलेलीही एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पालेभाजीची देठं खुडते. वसईपर्यंत भाजी निवडून झालेली. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, ती बायकांना बसायला जागा मिळावी म्हणून. रेल्वेला कल्पना नसावी की आपण धावतं स्वयंपाकघर सुरू करतोय. पुरुषांच्या डब्यात त्याच वेळी भजन आणि पत्ते असतात. भजनाला माझा विरोध नाही. पण टाळ एखाद्या वेळी खाली ठेवून कोणी तोंडल्यांची टोकं काढली तर विठोबा रागावेल असं वाटत नाही, तो जनाबाईला दळू लागला होता.

गावाकडे लोकल नाही, तिथे बाईची नोकरी मुक्कामी एसटीवर ठरते. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीला अर्धं तिकीट झालं आणि बायका अक्षरशः बाहेर पडल्या. माहेर, देवदर्शन, दवाखाना, कॉलेज. सरकारने केलेल्या थोड्या बिनतक्रार चांगल्या गोष्टींपैकी ही एक, इथे तिरकं लिहायला मला काही सापडलं नाही. पण तालुक्याच्या गावातलं कपड्यांचं दुकान रात्री साडेआठला बंद होतं आणि आपल्या गावाची शेवटची गाडी पावणेसातला सुटते. मुक्कामी गाडी बंद झालेली असते, कारण ‘भारमान’ नाही. मग दुकानदार पोराला ठेवतो, पोराकडे मोटारसायकल असते. पोरीला मोटारसायकल कोणी घेऊन दिली नाही, काळजीपोटी. आणि कामावर राहिलीच तर दिवसभर पाणी पिणार नाही, कारण दुकानाच्या मागे जी बोळ आहे ती गिऱ्हाईक, मालक आणि कामावरची पोरं यांच्यासाठी पुरेशी असते. मुंबईत २०११ मध्ये बायकांना चळवळ उभारून मागणी करावी लागली की मुतारीला पैसे घेऊ नका. जगाच्या आर्थिक राजधान्यांत गणती व्हावी म्हणून धडपडणारं शहर, आणि मागणी ही.

शेवटी सरकारकडे बोट दाखवतो, कारण सरकार हीच आपल्याकडे बायकांना काम देणारी सगळ्यात मोठी कंपनी. अंगणवाडी योजना १९७५ ची, म्हणजे पन्नाशी झाली. सेविका रोज अंगणवाडी उघडणार, पोरांना खाऊ घालणार, वजनं घेणार, पोषण ट्रॅकरमध्ये भरणार, निवडणूक आली की यादीला, पाहणी आली की पाहणीला. पण सरकारी दप्तरी ती नोकर नाही, समाजसेवा करते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या बायकांना ग्रॅच्युइटी लागू होते. आरोग्य स्वयंसेविका असलेल्या आशाताईंचंही तेच. २०२२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला, आणि महिन्याचे पैसे वेळेवर द्या म्हणून त्या मोर्चात चालत होत्या ते चालतच राहिल्या. सन्मानाच्या बाबतीत आपण कधीच हात आखडता घेत नाही.

गेल्या महिन्यात एका गावात अंगणवाडीसमोर थांबलो होतो. दुपारची वेळ, पोरं घरी जायला निघालेली. पोरांच्या आया अजून कांद्याच्या शेतात, त्या सहाला सुटणार. मधले तास पोरं कोणाकडे, असं सेविकेला विचारलं, तर म्हणाली, असतं कोणीतरी, थोरली बहीण असते, म्हातारी असते. सहज म्हणून विचारलं, “आणि ताई, तुमचं बाळ?”

“सासूबाई बघतात की. सकाळपासून तेच. आंघोळ, भरवणं, निजवणं. वर दोन म्हशींचं बघतात.”

“बरं आहे. सासूबाई काय काम करतात?”

“काही नाही,” ती कुलूप लावत म्हणाली, “घरीच असतात.”